बांधापलीकडचं जायफळ

मोतीरामला एक खोड होती. आपलं झाड फळलं की ती आपली अक्कल, अन् दुसऱ्याचं नाही फळलं की तो करंटा!

बारा वर्षांमागं तो अन् थोरला भाऊ नारायणराव कोकणात एका लग्नाला गेले होते. येताना दोघांनी जायफळाचं एकेक रोप आणलं. सारं जानेफळ गाव हसलं. "जायफळ म्हंजे काय कपाशीची पऱ्हाटी हाय का बे, आपल्या रानात याले?" पण दोघांनी विहिरीजवळ, आंब्याच्या गार सावलीत, बांधाच्या अल्याड-पल्याड रोपं लावली. उन्हाळाभर भोवती ओली गोणपाटं बांधली. झाडं जगली. सातव्या वर्षी मोतीरामच्या झाडाला फळं धरली. नारायणरावांच्या झाडाला नुसतीच फुलं.

मग काय, मोतीरामची मान ताठ! बाळगुटीसाठी घरोघरी जायफळं वाटायचा अन् पारावर चार माणसांत भावाला टोमणे मारायचा. "दादा, हे वांझोटं झाड काऊन पोसून राह्यला तू?" नारायणराव हसायचे अन् घागर घेऊन त्याच झाडाकडे जायचे.

गेल्या साली मोजणी झाली. बांध चार हात सरकला अन् नारायणरावांचं झाड मोतीरामच्या हद्दीत आलं. नारायणराव धावत आले. "मोत्या, झाड तुह्यं. पण तोडू नको. ऐक जरा, त्या झाडाचं असं हाय..."

"मले काई ऐकायचं नाई. हद्द म्हंजे हद्द!"

दुसऱ्याच दिवशी त्यानं कुऱ्हाड लावली.

यंदा मोतीरामचं झाड फुललं अन् सगळी फुलं गळाली. एक फळ धरेल तर शपथ! त्यानं कोकणातल्या रोपवाल्याला फोन लावला.

"शेजारचं झाड तोडलंत?" तो माणूस ओरडलाच. "अहो, तो नर होता! त्याच्याशिवाय तुमच्या मादीला फळ धरणार कुठून? तुमच्या भावाने फुलांचा फोटो पाठवला, तेव्हाच सांगितलं होतं मी त्यांना. पाच वर्षं झाली."

मोतीरामनं फोन ठेवला. पाच उन्हाळे दादानं घागरी वाहिल्या, त्या आपल्या फळांसाठी. अन् आपण पारावर दात काढत बसलो.

तो तसाच भावाच्या ओसरीवर गेला. "दादा, तुले ठाऊक होतं. आधी सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तर तू म्हणला असता, दादा फळात वाटा मागून राह्यला."

म्हणलाच असता. स्वतःची जीभ मोतीरामला चांगली ठाऊक होती. त्याला रडूच फुटलं. "चुकलो दादा. म्या नराचं कलम आणतो. तुह्या हातानं तुह्या वावरात लाव."

नारायणरावांनी त्याला पाणी दिलं. जवळ बसवलं.

"आण," ते म्हणाले. "पण तुह्याच वावरात लाव, मोत्या. अन् पाणी बी तूच घाल."