मापाच्या पानावरून परतणाऱ्या बायका

सबिहाच्या वेबसाइटवर बायका येत होत्या, हे तर दिसतच होतं. मुरूम गावच्या पेठेतल्या बांगड्यांच्या दुकानाची पायरी दिवसभरात चार बायका चढायची मारामार, आणि इथं लॅपटॉपवर येणाऱ्यांच्या आलेखाची रेघ वर वर चाललेली. कुणी पुण्याहून, कुणी सोलापूरहून, कुणी धाराशिवहून. बांगड्या बघत, हिरव्या काचेवर रेंगाळत, आवडलेल्या टोपलीतही टाकत. मग मापाचं पान आलं की जवळजवळ सगळ्याच निघून जात. बरं, लगेच गेल्या असत्या तर समजलं असतं. पण त्या पानावर चार-चार मिनिटं थांबत आणि मग जात. एवढा वेळ तिथं करतात तरी काय, या प्रश्नानं सबिहाचं डोकं पोखरलं होतं.

नुसत्या कुतूहलाची बात असती तर गोष्ट वेगळी. तिचे अब्बा फकरुद्दीन मणियार, म्हणजे गावाचे चाचा. आसपासच्या निम्म्या नवऱ्यामुलींचे चुडे त्यांनी भरलेले. गेल्या दिवाळीनंतर त्यांचे हात थरथरू लागले, आणि एका नवरीच्या मनगटावर बांगडी पिचून रक्त आलं. त्या दिवशी चाचांनी हात जे सदऱ्याच्या खिशात घातले, ते गिऱ्हाइकासमोर पुन्हा काढले नाहीत. थोरला भाऊ अजहर व्यवहारी. लगीनसराई संपली की बांगड्यांच्या फळ्या काढून मोबाइलचं दुकान थाटायचं, असं त्याचं ठरलेलं. तोवर वेबसाइट चालली तर बघू म्हणाला. सबिहाला दुकान असं मिटलेलं बघवणार नव्हतं.

"भाव उतरव," अजहरनं सुचवलं. तिनं उतरवले. "जाहिरात दे." तीही दिली. बायका दुप्पट आल्या आणि दुपटीनं त्याच पानावरून माघारी फिरल्या. अजहर पट्टी घेऊन मोबाइलच्या काउंटरची जागा मोजून गेला.

शेवटी सबिहानं लॅपटॉप मिटला. पुण्याला दिलेली तिची शाळेतली मैत्रीण अर्पिता माहेरपणाला आली होती. तिच्या हातात फोन देऊन सबिहा समोर बसली.

"बांगड्या मागव. मी काय बोलणार न्हाय, नुसती बघणार."

"परीक्षा घेतीस व्हय?" म्हणत अर्पितानं झरझर हिरव्या बांगड्या निवडल्या. मापाचं पान उघडलं. तिथं लिहिलं होतं, 'हातातली एक बांगडी काढून पट्टीवर ठेवा आणि आतली रुंदी मोजा.' अर्पितानं एक बांगडी पुढं सरकवली. ती अंगठ्याच्या बुडाशी अडली. फिरवून बघितली, बोटं आवळून बघितली, जरा ओढली. मग बांगडी मागं सारून तिनं फोन खाली ठेवला.

गप्प बसायचं ठरलेलं, पण सबिहाला राहवेना. "का गं?"

"निघंना की. चाचांनी भरलेल्या बांगड्या अशा निघत्यात व्हय? वाढवाव्या लागतील. आन नवरा चांगला धडधाकट असताना नुसत्या मापासाठी कोण बांगडी वाढवतंय?"

"मग तुझं माप टाक की."

"मला काय ठाव? आजवर कुणी इचारलंय? हात पुढं केला, चाचांनी दाबला, झालं."

मापाच्या पानावरची ती ओळ सबिहानं धातूची कडी विकणाऱ्या कुठल्याशा साइटवरून उचलली होती. मणियाराच्या घरात जन्मलेली पोरगी, आणि गावोगावच्या लेकीसुनांना हातातली काच काढा म्हणून सांगत बसलेली. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं. तरी मनातून ती लई खूश झाली, कारण त्या चार मिनिटांचा उलगडा झाला होता.

घरी येताच तिनं विचारलं, "अब्बा, तुम्ही माप कसं घेता?"

"ते सांगून येतंय का? हात आण." खिशातून हात निघाला. त्यांनी तिचा अंगठा तळव्यात दुमडला, बोटांची मुळं एकत्र दाबली. "दोन-सहाचं माप."

सबिहानं नेमका त्याच जागी दोरा गुंडाळला आणि पट्टीवर धरला. बांगडी न काढता माप मिळत होतं. "हेच करून दाखवा अब्बा. मी व्हिडिओ काढते."

हात झटकन खिशात गेले. "दुसऱ्या कुणाचे हात घे. हे लटलट हलताना जगाला काय दावू?"

"जग कुठलं? तुमच्यापुढं हात करणाऱ्याच बायका हायत. चार-चार मिनिटं थांबून चालल्यात."

चाचा म्हणाले, "चार मिनिटं? दुकानात कुणी एवढी थांबली असती तर म्या तिला रिकामी जाऊ दिली नसती." आणि त्यांनी दोन्ही हात बाहेर काढले.

व्हिडिओ लागला, तशा बायका मापाचं पान ओलांडून पुढं जाऊ लागल्या. पण नवाच प्रकार दिसला. एका जागी बायका व्हिडिओ मागं नेऊन पुन्हा बघत होत्या. चाचा समोरचा हात आपल्या हातात घेतात, तीच जागा.

"थरथर बघत्यात," चाचा म्हणाले. "तरी म्हणलं व्हतं."

आलेल्या मागण्या उघडताना सबिहाची नजर सूचनांच्या चौकटीवर गेली. ती ठेवली होती कुरिअरवाल्याला घराची खूण सांगायला. ती मोठ्यानं वाचू लागली. "चाचा, लई वर्सांनी हात पुढं करतेय. जरा सुजलाय, रागावू नका." दुसरीनं लिहिलं होतं, "चाचा, हळू भरा." थरथरीबद्दल एकीनंही काही लिहिलं नव्हतं.

"हळू भरा म्हणती," चाचा पुटपुटले. "तिला लिही, हात कोमट पाण्यात बुडव, साबण लाव, अंगठा आत घे. घाई करू नको म्हणावं."

तेवढ्यात अजहर सुताराला घेऊन फळ्या दाखवायला आला. चाचा उठले. वरच्या फळीवरून त्यांनी डझनभर हिरव्या बांगड्या उतरवल्या. सुतारादेखत त्या हातात किणकिणत राहिल्या, पण चाचांनी हात लपवला नाही.

"फळ्या राहू दे," ते अजहरला म्हणाले. "आधी ह्या बांधाय खोकं आण."