एकतीस बाळंतपणं

खळदवाडीचं प्रसूतिगृह बघायला गेलात तर पहिल्यांदा तुमची फसगतच होणार. दगडी बांधणी, पुढं कमान, कमानीवर निळ्या रंगात नाव. वाटावं, कुणा बड्या असामीचा बंगला आहे. सरकारनं बहात्तर साली एक लाख अठ्ठावीस हजार रुपये घातले होते त्यात. सगळं केलं हो! चार लोखंडी खाटा आणल्या, गच्चीवर टाकी चढवली, भिंतीत विजेची बटणंसुद्धा बसवली. फक्त टाकीत पाणी कुठून यायचं आणि बटणांत वीज कुठून यायची, एवढंच बघायचं राहिलं. विहीर एका खात्याकडं, तारा दुसऱ्या खात्याकडं, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद.

या इमारतीत शालनबाई नावाची नर्स एकटी राहायची. गाव तिला नर्सबाई म्हणायचं. आपण शालनच म्हणू, तिची आई म्हणते तसं.

शालन देहूरोडच्या लष्करी डेपोतल्या मजुराची मुलगी. अडतिशीची. बौद्धवाड्यातल्या त्यांच्या आळीत नर्सचा कोर्स केलेली पहिलीच. लग्नाच्या चौथ्या वर्षी नवरा काविळीनं गेला, मूलबाळ नाही. वडीलही गेले. उरली ती आई, चिमाबाई. ती देहूरोडला एका खोलीत अंथरुणाला खिळलेली, डावं अंग लुळं पडलेलं. शेजारच्या दुर्गाबाई दोन वेळा भाकर-कालवण नेऊन द्यायच्या, अंग पुसायच्या. पण शेजारीण झाली तरी किती दिवस करणार? म्हणून शालननं देहूजवळच्या दवाखान्यात बदली मागितली होती. तीन वर्षांत चार अर्ज.

बिनपाण्याच्या प्रसूतिगृहात बाळंत व्हायला कोण येणार? एकही बाई आली नाही. खाटांच्या पायांना गुंडाळलेला कागद तसाच होता. म्हणून शालनच बॅग घेऊन घरोघर जायची. वाड्यावस्त्यांवर, ओढे ओलांडून, कुणाच्या गोठ्याशेजारी, कुणाच्या चुलीपुढं. कळा सुरू झाल्या की कुणाला तिची जात आठवत नसे. बाळ रडलं की आठवायची. मग चहा बाहेरच्या कट्ट्यावर यायचा. शालन तो प्यायची आणि आपल्या बंगल्यात परत यायची. संध्याकाळ तिला खायला उठायची. सहाची एसटी गावात वळसा घालून परत फिरायची, तेवढी बघायला ती रोज फाट्यावर जाऊन उभी राहायची. कुणी यायचं नव्हतं तिच्याकडं. नुसती माणसं उतरताना बघायची, झालं.

पाण्यासाठी तिनं कचेरीला किती कागद धाडले याची गणती नाही. शेवटी एक दिवस डोकं फिरलं. चाकणच्या बाजाराला गेली तेव्हा पोस्टात उभी राहून तिनं आमदारांना पत्र लिहिलं. लाख-सव्वालाखाची इमारत धूळ खात पडली आहे, विधानसभेत विचारा. सरकारी नोकरानं असं करणं म्हणजे आपल्या हातानं आपला गळा आवळणं. म्हणून खाली नाव न घालता 'एक नागरिक' असं लिहिलं.

आणि आमदार भला निघाला! त्यानं खरंच प्रश्न टाकला.

प्रश्न लागल्याचं शालनला कळलं ते जीपनं. तीन वर्षं अर्ज करून कुत्रं फिरकलं नव्हतं, आणि एका मंगळवारी सकाळी तालुक्याहून साहेबराव कारकून धुरळा उडवत आले. कपाळावर घाम, हातात फाईल.

"बाई, तारांकित प्रश्न आलाय. नागपूरला अधिवेशन चालू आहे. उद्या संध्याकाळच्या आत माहिती गेली नाही तर साहेबांची धडगत नाही, आणि साहेबांची नाही म्हणजे माझी नाही." त्यांनी एक छापील तक्ता पुढं केला. "भरा पटापट."

शालननं तक्ता बघितला. केंद्राचं नाव. मंजूर पदं. भरलेली पदं. आणि शेवटचा रकाना, वर्षभरातली बाळंतपणं.

आता खरं सांगायचं तर इथंच घोळ झाला, आणि तो कुणी दुष्टपणानं केला नाही. तीन वर्षांत वरच्या माणसानं शालनला तिच्या कामाबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं. आज छापील अक्षरात विचारत होते, बाई, तुम्ही वर्षात किती बाळंतपणं केलीत? तिचा ऊर भरून आला. ठाकरवाडीचं जुळं, आडव्या मुलाची ती बैलगाडीतली बाई, सोजरबाईच्या सुनेचं पायाळू, सगळी आठवली. एक बाई दगावली नव्हती, एक मूल गेलं नव्हतं. तिनं ठळक अक्षरात लिहिलं, एकतीस.

मग तिला शंका आली. "साहेबराव, ही सगळी घरी झालीत, लोकांच्या घरी. कुठं झाली ते लिहू का?"

"त्याला रकाना आहे का?"

"नाही."

"मग? जेवढं विचारलं तेवढंच लिहायचं. जास्तीचं लिहिलं की वरून जास्तीची विचारणा येते." साहेबरावांनी सही करून घेतली आणि जाता जाता आवाज खाली आणला. "तुमच्या बदलीचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे बरं का. महिन्याभरात सही होईल. मीच ठेवलाय वरती."

त्या संध्याकाळी शालन फाट्यावर गेली नाही. ट्रंकेतली लुगडी काढून पुन्हा नीट घड्या घातल्या. आईला उशी नवी करायची, स्टोव्ह घ्यायचा, असले बेत करत बसली. आपण विचारलेला प्रश्न नागपूरपर्यंत गेला, याचं तिला आतून हसू फुटत होतं. पण सांगणार कुणाला? सांगायची सोयच नव्हती.

दीड महिन्यानं लखोटा आला. त्यात दोन कागद. एक विधानसभेतल्या प्रश्नोत्तराची नक्कल:

(१) खळदवाडी येथील प्रसूतिगृहावर एक लाख अठ्ठावीस हजार रुपये खर्च झाला, हे खरे आहे काय? होय.

(२) पाणी व वीज नसल्यामुळे सदर इमारत वापराविना पडून आहे, हे खरे आहे काय? हे खरे नाही. गत वर्षी तेथे एकतीस बाळंतपणे झाली असून एक परिचारिका पूर्णवेळ कार्यरत आहे.

(३) असल्यास, पाणी व वीज पुरविण्याबाबत कोणती कार्यवाही केली? प्रश्न उद्भवत नाही.

दुसरा कागद एवढासाच होता. केंद्रावरील कामाचा वाढता व्याप पाहता, जनहितार्थ, परिचारिकेची बदली करता येत नाही.

शालननं दोन्ही कागद दोनदा वाचले आणि ती खाटेवर बसली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या खाटेवर कुणीतरी बसलं.

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याला गेली. साहेबरावांच्या टेबलापुढं उभी राहिली आणि तिचा आवाज चढला. "अहो, तिथं एकसुद्धा बाळंतपण झालेलं नाही! तुम्हाला मी सांगितलं होतं!"

"हळू बोला, बाई." साहेबराव उठलेच. तिला व्हरांड्यात घेऊन गेले. "आकडा कुणाचा? तुमचा. सही कुणाची? तुमची. मी नुसता पुढं पाठवला, साहेबांनी वर पाठवला, तिथल्यांनी आणखी वर पाठवला. कुठल्या पायरीवर 'घरी'चं 'तेथे' झालं ते मलाही माहीत नाही, देवाशप्पथ. पण मंत्री सभागृहात बोलले ना? आता तो आकडा खोटा म्हणालात तर मंत्र्याला काही होत नाही. पहिली तुमची नोकरी जाईल, दुसरी माझी. मला चार मुली आहेत."

"आणि पाणी?"

"एकतीस बाया पाण्यावाचून बाळंत झाल्या, असं कागद म्हणतो. मग पाणी मागायचं कुठल्या तोंडानं?"

साहेबरावांनी तिला परत आत नेऊन चहा मागवला, तो टेबलावर तिच्याच पुढं ठेवला. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर निदान त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

परतीच्या वाटेवर तिनं मनाशी पक्कं केलं. गेली खड्ड्यात नोकरी. राजीनामा द्यायचा आणि देहूरोडला जाऊन आईपाशी राहायचं. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत नवीन कारखाने निघताहेत, मिळेल काहीतरी. नाहीतर घरोघरची बाळंतपणं कुठंही आहेतच. आधी आईला सगळं सांगायचं. ते पत्र आपलं, तो आकडा आपला, सगळं. एका तरी माणसाला सांगायलाच हवं होतं. नाहीतर जीव गुदमरून जाईल, असं तिला वाटायला लागलं.

रविवारी ती देहूरोडला पोचली तर खोलीच्या दारात आळीतल्या पाच-सहा बाया. ती धावतच आत शिरली.

आई उशीला टेकून बसली होती. कधी नव्हे ते केस विंचरलेले. उजव्या हातात वर्तमानपत्राचं एक पान.

"आली गं बाई माझी नर्स!" चिमाबाई म्हणाली. "दुर्गे, वाच पुन्यांदा."

"मावशी, आठवी खेप," दुर्गाबाई हसत म्हणाल्या. पण वाचलं. कोपऱ्यातली चार ओळींची बातमी. खळदवाडीच्या प्रसूतिगृहात एका परिचारिकेनं वर्षात एकतीस बाळंतपणं केली, मंत्र्यांनी सभागृहात माहिती दिली.

"मंत्री बोलला," चिमाबाई जमलेल्या बायांना सांगत होती. "भर सभेत. माझ्या शालनचं. आमच्या सात पिढ्यांत कुणाचं काम इतक्या वर गेलं न्हाई." मग शालनकडं वळली आणि आवाज एकदम मऊ केला. "ऐक. मी रोज रडत व्हते, शालन कधी येती, शालन कधी येती. आता न्हाई रडायची. मी काय, पडलीय तशी पडीन. तू तितंच ऱ्हा. त्या बायांना सोडून येऊ नगंस."

"आई, मला तुला एक सांगायचंय."

"सांग की. पर आधी मी इचारते." तिचे डोळे नुसते चमकत होते. "मोठी हाय का गं विमारत?"

शालननं दारातल्या बायांकडं बघितलं. मग आईच्या हातातल्या त्या पानाकडं.

"हो. खूप मोठी आहे."

"बाया खाटंवर निजत्यात?"

"खाटेवरच."

"आन् पानी? तितं न्हाण्याधुण्याला पानी लागतंया."

"आहे आई. गच्चीवर टाकी आहे मोठी."

चिमाबाईनं समाधानानं मान डोलावली. मग चांगल्या हातानं लेकीचा हात धरला आणि हळूच विचारलं, "तुला तितं एकटं एकटं वाटत न्हाई ना, शालन?"

"छे गं," शालन म्हणाली. "एकतीस बाया, त्यांची ती लेकरं. एकटं वाटायला सवड कुठं मिळते?"