दाण्यांचा रंग

मुलगा बोटीवर नोकरीला निघाला, तेव्हा दुर्बीण पेटीत ठेवून त्याने पेटी आईच्या हवाली केली. आत जाळीच्या पिशवीत ओल शोषणारे दाणे होते.

"आई, निळे आहेत तोवर काळजी नाही. गुलाबी झाले की तव्यावर मंद भाजायचे, पुन्हा निळे होतात. नाहीतर काचेला बुरशी धरेल."

"भाजायचं मला शिकवतोस?" म्हणत सासूबाईंनी पेटीची किल्ली कमरेला खोचली. सुनेने हात पुढे केला होता. "तू राहू दे बाई, तुझ्याच्याने दूध उतू जायचं थांबत नाही."

दर रविवारी त्याचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "रंग कुठला?"

"निळा," सासूबाई ठणकावून सांगायच्या.

सुरुवातीला ते खरंही होतं. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि दाणे नुसते मातकट दिसायला लागले. खिडकीशी नेले तरी मातकट, दिव्याखाली धरले तरी मातकट. विचारायचं कुणाला? घरात दुसरं माणूस एकच, सून, आणि तिला विचारलं की घराच्या साऱ्या किल्ल्या आपल्या हाताने सोडल्यासारखं. एकदा अंदाजाने भाजले, तर करपल्याचा वास सुटला. "तवा नीट घासत जा," असं सुनेलाच सुनावून त्यांनी दाणे तसेच पेटीत टाकले.

या रविवारी झाकण उघडलं आणि नाकाला बुरशीचा वास आला. डोळे गेले तरी नाक शाबूत होतं. त्यांनी झाकण लावलं, तोच फोन वाजला.

"आई, शनिवारी पोचतोय. रंग कुठला?"

निळा म्हणावं तर शनिवारी पितळ उघडं पडणार. गुलाबी म्हणावं तर इतके महिने काय बघत होतीस, असं तो विचारणार.

"बायकोला विचार," त्या म्हणाल्या आणि किल्ली सुनेसमोर धरली.

सुनेने पेटी उघडली. दाणे हातावर घेऊन ती फोनवर म्हणाली, "काळे पडलेत. माझ्याकडून करपले. काचेच्या कडेला पांढरं जाळं धरलंय, पण मधे स्वच्छ आहे."

"पुसू नका. नवे दाणे आणून घाला, काच मी आल्यावर बघतो."

सासूबाईंना ते उपकार गिळवेनात.

"खोटं बोलतेय ती. मी करपवले. मला रंग दिसत नाहीत."

सुनेने हळूच किल्ली परत पुढे केली.

"ठेव तुझ्याकडेच," सासूबाई म्हणाल्या. "कमरेला टोचते मेली. आणि तवा स्वच्छच असतो तुझा."