डावीकडे ओढणारी गाडी

आपल्या गॅरेजात चिलेशेने गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाजवळ तळहात नेला आणि चटकन मागे घेतला. चाक तव्यासारखं तापलं होतं. उजव्या चाकाला हात लावून ती खुशाल उभी राहू शकली.

“बाबा, ब्रेक धरून बसलाय हा,” ती म्हणाली. “पाय काढला तरी सोडत नाही. मग गाडी डावीकडे जाणार नाही तर काय करणार?”

“मी म्हणत होतोच,” गाडीचे मालक, म्हातारे कापेम्ब्वा म्हणाले. “गाडीतच खोट आहे.”

एकतीस वर्षं त्यांनी खाणीच्या मजुरांची बस चालवली होती. आता या छोट्या पांढऱ्या गाडीतून ते चिफुबु वस्तीतल्या तीन टोमॅटोवाल्या बायकांना रोज सकाळी एन्डोलाच्या बाजारात पोचवत. गेल्या गुरुवारी गाडी डांबरावरून खाली उतरली. टोमॅटोच्या पाट्या उलटल्या, बायकांनी देवाचा धावा केला. आधी दोन गॅरेजांनी चाकांचा कोन नीट करून दिला होता, तरी हे असं.

चिलेशेने ब्रेक उतरवला. आतल्या दोन्ही पिना गंजून अडकल्या होत्या. तिने त्या घासून लखलखीत केल्या, ग्रीस भरलं, चाक बसवलं. मग कित्वे रस्त्यावर जाऊन एका सरळ पट्ट्यात तिने स्टिअरिंग अगदी सैल सोडलं. गाडी रेघ आखल्यासारखी गेली.

दोन दिवसांनी कापेम्ब्वा पुन्हा हजर.

“ओढतेच आहे, पोरी.”

तिने हवा तपासली. पुढची दोन चाकं आपसात बदलली. दोष टायरचा असेल, तर आता ओढ उजवीकडे यायला हवी. ती स्वतः चालवून आली, तर ओढ ना डावीकडे, ना उजवीकडे.

“आता कुठेच जात नाही ती. नेऊन तर बघा.”

शनिवारी सकाळी ते तिसऱ्यांदा आले. बाजारातून थेट. चिलेशेचा पारा चढला होता. गाडीखाली सरकून तिने एकेक सांधा पहारीने हलवून पाहिला. कुठेच ढिलाई नव्हती. ती बाहेर आली, हात पुसले आणि गाडीत बसली, पण या वेळी शेजारच्या सीटवर.

“चला. तुम्ही चालवा, मी बघते.”

पहिला मैलभर ती रस्त्याकडे बघत होती. गाडी हळूहळू डावीकडे कलली, कापेम्ब्वांनी झटक्याने सावरली. पुन्हा कलली. मग तिची नजर स्टिअरिंगवर गेली. उजव्या हाताची बोटं घट्ट होती. डाव्या हाताचा पंजा मात्र काठावर नुसता लोंबत होता, ओल्या फडक्यासारखा, आणि आपल्या वजनाने स्टिअरिंग खाली खेचत होता. त्यांच्या डाव्या गालावरची दाढीही धड झाली नव्हती.

“बाबा, हळू घ्या. डावा हात खाली ठेवा बरं जरा. मांडीवर.”

“कशाला?”

“ठेवा तर.”

त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. गाडी सरळ चालू लागली.

भाजलेली कणसं विकणाऱ्या बायका मागे पडल्या, चर्चची भिंत आली, संपली. कापेम्ब्वांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“पाऊस संपला तेव्हापासून.” ते काचेतून समोर बघत होते. “एका सकाळी उठलो तर हात गार पडला होता. म्हटलं, अंगाखाली आला असेल. मग गाडी ओढायला लागली आणि मला बरंच वाटलं, पोरी. गाडीचं दुखणं असलं तर बरं, असं वाटलं.”

“त्या बायका असतात गाडीत.”

“हो.” त्यांनी मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. “त्या गुरुवारपासून झोप नाही मला.”

चिलेशे उतरली, वळसा घालून त्यांच्या दाराशी आली. ते निमूट पलीकडे सरकले. तिने गाडी सरळ मोठ्या इस्पितळात नेली. अर्धांगाचा लहानसा झटका येऊन गेला होता. मोठा अजून आला नव्हता, एवढंच नशीब, असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी त्यांना ठेवून घेतलं. हात कितपत सुधारेल ते आताच सांगता येणार नव्हतं. गाडी चालवणं बंद.

“घरी कुंडाच्या आईला कळवू नकोस,” खाटेवरून ते म्हणाले. “घाबरून जाईल ती. मी सांगेन सावकाश.”

तिने मान डोलावली. तेवढ्यात फोन वाजला. ती व्हरांड्यात गेली.

“चिलेशे? मी कुंडाची आई.” पलीकडचा आवाज दबका होता. “आज तरी पाहिलास का गं त्यांचा हात?”

चिलेशे भिंतीला टेकली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“घास सांडतो, बटण लागत नाही. मला दिसणार नाही होय? पण बायकोचं ऐकतील तर शपथ. म्हणून म्हणत राहिले, चिलेशेलाच दाखवा गाडी, तिलाच दाखवा.”

“मोठ्या इस्पितळात आहोत आम्ही. बरे आहेत ते.”

पलीकडे चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

“मक्याच्या पिठाचा न्शिमा शिजवून आणते,” ती म्हणाली. “आणि हे बघ, मी विचारलं म्हणून सांगू नकोस त्यांना. घाबरतील.”

चिलेशे आत आली. कापेम्ब्वा दाराकडे डोळे लावून बसले होते.

“कोणाचा फोन होता?”

“एक बाई आहेत,” ती म्हणाली आणि त्यांचा डावा हात उचलून पांघरुणात नीट ठेवला. “गाडीचं विचारत होत्या.”