तीन व्होल्टचा डिस्प्ले

बायको त्याला शास्त्रज्ञ म्हणायची, आणि त्यात कौतुक किती न् टोमणा किती हे विचारायच्या भानगडीत तो पडला नव्हता. दिवसभर विमा कंपनीत फायली उपसायच्या आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचा धूर काढायचा, हा त्याचा नेम. त्या टेबलावर मिठाची बाटली शोधायला गेलं की हाताला वायर लागायची.

या वेळचा उद्योग मात्र पोटतिडकीचा होता. आईला ऐकू कमी यायचं. मागच्या खेपेला ताई लांबून आली, बेल वाजवून वाजवून थकली, आणि घरात एकटी असलेली आई आत निवांत मटार सोलत बसलेली. ताई आल्या पावली परत गेली. "दार उघडायचं नव्हतं तर तसं सांगायचं," एवढं फोनवर म्हणाली आणि तिने अबोला धरला. महत्प्रयासाने समजूत काढल्यावर ती रविवारी पुन्हा यायला तयार झाली होती. बेल वाजली की आईच्या खुर्चीसमोर अक्षरं उमटलीच पाहिजेत, असा शास्त्रज्ञाने चंग बांधला.

डिस्प्ले तीन व्होल्टचा आणि त्याला हुकूम सोडणारा बोर्ड पाच व्होल्टचा. दोघांच्या मध्ये व्होल्टेज उतरवणारा एक तुकडा लागतो, असं माहितीपत्रकात ठळक छापलेलं. तो तुकडा दुकानात नव्हता. "त्याच्यावाचून काही अडत नाही," म्हणत शास्त्रज्ञाने थेट वायर जोडली. पहिला डिस्प्ले क्षणभर उजळला आणि काळाठिक्कर पडला. दुसऱ्यानेही तीच वाट धरली. आता एकच उरला होता.

"माहितीपत्रक वाचा म्हणून सांगत होते," बायको म्हणाली. "पण पालथ्या घड्यावर पाणी!"

तो चिडला आणि राग काढला आईवर. "आई! माझा चष्मा पाहिलास का?"

"काय?"

"चष्मा! चष्मा!"

आईने कानावर हात ठेवला. "अरे, ओरडलास की नुसता गोंगाट होतो. हळू बोल, आणि जरा सावकाश."

"डिस्प्ले बिचारे हेच सांगत होते," बायको हसून म्हणाली. "दोन गेले, तरी तुमच्या डोक्यात शिरेना."

शास्त्रज्ञाने हातातली वायर खाली ठेवली. डिस्प्लेला कशाला सोसायला लावायचं? बोर्डाच्या चिपलाच दोन पेन्सिल सेलवर आणलं, तर तीही तीन व्होल्टमध्येच बोलेल. फक्त एवढ्या कमी व्होल्टेजवर तिला पळवायचं नाही, वेग निम्मा करायचा. त्याने तसं केलं, देवाचं नाव घेतलं आणि शेवटचा डिस्प्ले जोडला. तो उजळला आणि उजळलेलाच राहिला.

रविवारी बेल वाजली. 'दारात माणूस' ही अक्षरं दिसताच आई कोणाची वाट न पाहता उठली आणि तिने स्वतः दार उघडलं.

"आई! कशी आहेस?" ताई सवयीने ओरडली. आईचा चेहरा गोंधळला.

"हळू, ताई," शास्त्रज्ञ म्हणाला. "आणि सावकाश."

ताई थांबली. तिने आईचे हात हातात घेतले आणि आवाज खाली आणला. "मागच्या वेळी मला वाटलं, तुला मी नकोच आहे."

आईला शब्द न् शब्द ऐकू आला. तिचे डोळे भरून आले.

"वेडी कुठली," ती म्हणाली. "आत ये आधी."