सूप नको

सुट्टीत मुलगा, सून आणि नात तीन दिवस मला भेटायला येणार असं कळलं, तेव्हा मी आधी हॉटेलं शोधायला लागले. माझ्या खोलीत एक खाट, एक टेबल आणि चहापुरती शेगडी आहे. चार माणसांचा स्वयंपाक तिथे होत नाही, आणि होत असता तरी मी केला नसता. मी सत्तावन्न वर्षांची विद्यार्थिनी आहे. भूशास्त्र, दुसरं वर्ष, म्हणजे दगड. नातेवाइकांच्या मते मला म्हातारचळ लागलाय. लागू दे.

लोक हॉटेल निवडताना चव बघतात, मी गोंगाट बघितला. आठवडाभर कॉलेज सुटलं की एकेका हॉटेलात जाऊन चहा मागवायचा आणि शेजारच्या टेबलावरचं बोलणं कळतंय का ते ऐकायचं. कळलं, की हॉटेल बाद. अशी अकरा हॉटेलं पालथी घातली आणि तीन निवडली.

याला कारण माझा मुलगा. तो एका कंपनीत माणसांच्या नेमणुका बघतो, आणि हल्ली जास्त करून त्यांचे राजीनामे. त्याची पद्धत त्यानंच एकदा जेवताना मोठ्या अभिमानानं सांगितली होती. शांत जागा बघायची. गरम सूप मागवायचं. हळू आवाजात काळजीनं बोलायचं आणि अर्ज आधीच भरून न्यायचा, म्हणजे समोरच्यानं फक्त सही करायची. "सूप पिणारा माणूस भांडत नाही, आई," तो म्हणाला होता. माणसं म्हणे त्याचे आभार मानून घरी जातात. तेव्हा मीही हसले होते. माझी पाळी येईल असं कुठे वाटलं होतं?

सुनेला दोन महिन्यांनी दुसरं बाळ होणार आहे. ती प्रयोगशाळेत रक्त तपासते, तिची रजा तुटपुंजी. घरात आजी हवी. हे फोनवर कुणी सरळ म्हणालं नाही, पण "आई, तू दमत असशील ना?" हे महिन्यात सहा वेळा विचारून झालं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची सवय लहानपणापासूनची आहे.

पहिल्या दिवशी माझा बेत फत्ते झाला. परीक्षेचा शेवटचा दिवस होता, पोरं टेबलं बडवून गात होती. मुलानं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. नातीनं माझ्या कानाला तोंड लावून विचारलं, "आजी, तू कितवीत आहेस?"

"चौदावीत," मी ओरडले.

दुसऱ्या दिवशी गर्दी निम्मी होती. मी मुद्दाम ज्यूसच्या मिक्सरजवळचं टेबल धरलं आणि तो घरघरेनासा झाला की आणखी एक ग्लास मागवला. सून गालातल्या गालात हसत होती. तिला कळलं असावं.

तिसरं हॉटेल माझं हुकमाचं पान. बसस्टँडसमोरचं, लांबलचक बाकांचं. तिथल्या मालकीणबाई गल्ल्यावरूनच आत ऑर्डर ओरडतात, ती रस्त्यापलीकडेही ऐकू येते. आम्ही दुपारी बाराला आत शिरलो. आत चिटपाखरू नव्हतं. बाक रिकामे, पंखे बंद. मालकीणबाई स्वेटर विणत बसल्या होत्या.

"सुट्टी लागली ना," त्या हळूच म्हणाल्या. "पोरं गेली घरोघरी."

दगडांच्या नोंदी करताना तारीख आधी लिही, असं आमच्या बाई घसा फोडून सांगतात. मी गोंगाट मोजला तो कॉलेज चालू असताना आणि पाहुणे बोलावले सुट्टीत. शहाणी कुठली!

मुलानं मला हात धरून बाकावर बसवलं. "चार सूप," तो मालकीणबाईंना म्हणाला. मला विचारलं नाही. सूप आलं, वाफा निघत होत्या. मग तो माझ्याकडे वाकून हळू आवाजात बोलायला लागला. माझे गुडघे, तीन जिने, एकटेपणा, नातीला माझी किती आठवण येते. खरं सांगते, माझा हात चमच्याकडे गेला होता. आवाज इतका मऊ, की नाही म्हणणारा माणूस स्वतःलाच दुष्ट वाटावा.

मग त्यानं पिशवीतून कागद काढला. कॉलेज सोडण्याचा अर्ज. माझं नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, सगळं सुवाच्य अक्षरात भरलेलं. मी चष्मा लावला. सोडण्याचं कारण, या ओळीपुढे त्यानं लिहिलं होतं: प्रकृती अस्वास्थ्य.

"कोण आजारी आहे?" मी विचारलं.

"तसं नुसतं लिहायचं असतं, आई. म्हणजे कुणी प्रश्न विचारत नाही."

"मी विचारतेय. गेल्या महिन्यात मी खाणीत उतरले होते. हातोडा घेऊन, माझे नमुने माझ्याच पाठीवर घेऊन वर आले. माझ्या वर्गातली दोन पोरं अर्ध्यातून परत फिरली. कोण आजारी आहे?"

"आई, हळू. ऐकतील लोक."

"कुठे आहेत लोक? असते तर बरं झालं असतं." माझा आवाज चढला होता आणि रिकाम्या हॉटेलात घुमत होता. मला तो आवडला. आठवडाभर मी उगाच दुसऱ्यांचा गोंगाट शोधत हिंडले. "बाळ आलं की मी येईन. एक महिना, माझ्या पुढच्या सुट्टीत. आजी म्हणून जे करायचं ते सगळं करीन आणि परत इथे येईन. दीड वर्ष राहिलंय माझं. तू मला कामावरून काढायला आला असशील, तर मी तुझ्याकडे नोकरीला नाही."

त्यानं सुनेकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "आईंना घेऊन या असं मी एकदा तरी म्हणाले का? मी पाळणाघर बघून ठेवलंय. सांगितलं होतं तुम्हाला." तिनं आपलं सूप त्याच्याकडे सरकवलं. "आणि मला भूक लागलीय. हे पाणी नकोय मला."

मी माझंही सरकवलं. नातीनं आमच्याकडे बघून आपलंही सरकवलं.

अर्ज मी चार घड्या घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. "मालकीणबाई," मी म्हटलं, "तीन तळलेले मासे, बटाटे भरपूर."

त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं, आत मान वळवली आणि सगळे बाक भरलेले असावेत तशा ओरडल्या, "तीन मासे! बटाटे जास्त!"

मुलाच्या पुढ्यात चार वाडगे होते. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, चमचा उचलला आणि मुकाट्यानं प्यायला लागला. सूप पिणारा माणूस भांडत नाही, हे त्याचं म्हणणं अगदी खरं आहे.