वीतभर मांडी

मच्छिंद्रला मांडी नव्हती. पाय होते, चांगले भक्कम होते, पण खुर्चीत बसला की पोट थेट गुडघ्यांपर्यंत यायचं आणि देवाने माणसाला मांडी म्हणून जी जागा दिली आहे, ती त्याखाली गडप व्हायची. एरवी तिच्यावाचून त्याचं काही अडलं नसतं. अडलं ते भाच्याच्या जावळापाशी. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं, आणि पृथ्वीराजला सख्खा मामा हा एवढा एकच.

पहिल्या वर्षी बहिणीने, तेजस्विनीने, सासरच्यांना काहीबाही सांगून जावळ पुढे ढकललं. "तिसऱ्या वर्षी काढू. तोवर दादा, तू तुझं बघ," एवढंच ती म्हणाली. पोराच्या केसांच्या वेण्या घालायची वेळ आली, लोक त्याला मुलगी समजू लागले, तरी ती हटली नाही. त्या वेण्या बघितल्या की मच्छिंद्रला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून तो कात्रजहून कर्वेनगरच्या दवाखान्यात जाऊ लागला. त्याआधी सगळं करून झालं होतं. लिंबू-मध झालं, काढे झाले, कुणाच्या तरी मेव्हण्याची पावडर झाली. दर वेळी वजन उतरायचं आणि थोडं जास्तच होऊन परत यायचं. तोंडावर ताबा नाही, असं लोक म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यालाही तेच वाटे.

"हा आळस नाही, आजार आहे," डॉक्टर निशा म्हणाल्या. "तुम्ही कमी खाल्लंत की शरीर घाबरतं आणि भूक वाढवतं. त्याच्याशी एकट्याने भांडून दमलात, यात नवल काय? औषध घ्या, जेवण बदलू, गुडघ्यांना झेपेल तेवढं चाला. पुढेमागे ऑपरेशनचंही बघू. पण हे जन्मभराचं आहे, उन्हाळी शिबिर नव्हे. तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"मांडी," तो म्हणाला.

डॉक्टर हसल्या नाहीत. तेवढ्यासाठीच तो पुन्हा गेला.

घरी मात्र आई होती. सरुबाईला हा आजार काही केल्या पटेना. "आजारी माणूस वाळतो. तू कुठं आजारी हायस?" असं म्हणत ती त्याची नजर चुकवून भाताखाली तूप घालायची. आग्रह केला नाही तर ती आई कसली! शेवटी एक दिवस त्याने ताट सारलं आणि तो ओरडला, "आये, तू जीव घेणार माझा!" त्यानंतर ती ताट ठेवून गुपचूप ओट्याशी जाऊन उभी राही. दोघांनाही जेवण गोड लागेना.

दोन वर्षं अशीच गेली. कधी वजन उतरायचं, कधी महिनाभर जागचं हलायचं नाही. गल्लीतल्या लोकांना तो होता तसाच दिसे. खुर्चीत बसून तो पोट आणि गुडघ्याच्या मध्ये हात टेकवून बघायचा. वीतभर जागा झाली होती. एवढा जीव काढून वीतभर! त्याला रडू यायचं.

जावळाच्या दिवशी देवळाच्या आवारात तो पोचला, तेव्हा चुलतभाऊ बजरंग फेटा बांधून बाकावर बसलाही होता. "दादा, तुला कशाला तरास? चुलत मामाबी मामाच की."

मच्छिंद्रने बहिणीकडे पाहिलं. तीही दमली होती आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. हो म्हणून सुटावं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"ऊठ, बजरंग," तो म्हणाला.

मच्छिंद्र बाकावर बसला आणि पोराला त्याच्या मांडीवर ठेवलं. पोरगं घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. न्हावी कात्री घेऊन ताटकळला होता. मच्छिंद्रने दोन्ही हातांनी पोराला घट्ट धरलं, तर ते भोकाड पसरून पाय झाडू लागलं. आता बजरंगला हाक मारायची, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात सरुबाई बायकांतून उठली. गुडघ्यांवर हात टेकत त्याच्यापुढे खाली फरशीवर बसली आणि नातवाची पावलं तिने आपल्या खांद्यावर घेतली. पोराला टेकू मिळाला. ते घसरायचं थांबलं.

"तू वरनं धर," ती म्हणाली. "खालनं मी हाय."

कात्री चालू लागली. कापलेले केस मच्छिंद्रच्या पोटावरून घरंगळत आईच्या डोक्यावर पडू लागले. तो रडत होता आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे त्याला डोळेही पुसता येत नव्हते. मागच्या बाजूने रश्श्याचा वास आला. पंगतीची पानं मांडली जात होती.

सरुबाईने वर न बघताच विचारलं, "तुला किती वाढू?"

उभ्या जन्मात तिने हे कधी विचारलं नव्हतं.

"थोडंच, आये."

"बरं," ती म्हणाली.